भरणं आणि रिकामं करणं: एका सराफाच्या पिस्तूल-निवडीचं प्रकरण

"सुभेदारसाहेब, ह्याला चार सेफ्ट्या आहेत आणि त्याला एकच. मग एवढा विचार कसला करायचा?"

लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका गल्लीत तीन पिढ्यांची पेढी असलेल्या सराफ शेठनी मला हे विचारलं, तेव्हा मी त्यांच्या गादीवर बसून चहा पीत होतो. मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, आर्मरर (शस्त्रांचा कारागीर) होतो. निवृत्त होऊन खडकीत राहतो. ओळखीतल्या कुणाला परवाना मिळाला की दुकानात जायच्या आधी तो मला फोन करतो, एवढीच माझी या विषयातली गादी. शेठच्या परवानगीने हे प्रकरण लिहितोय. नाव द्यायचं नाही, दुकान ओळखू येईल असं काही लिहायचं नाही आणि पिस्तुलांच्या कंपन्याही सांगायच्या नाहीत, या त्यांच्या अटी आहेत. मला तिन्ही पटल्या.

त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, अपुरा होता. सेफ्टी, म्हणजे पिस्तूल चुकून सुटू नये म्हणून केलेले अडसर, किती आहेत हे कॅटलॉग सांगतो. त्या केव्हा कामाला येतात, हे मात्र माणसाच्या दिवसावर अवलंबून असतं.

परवाना आणि बाजार

पुणे शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. शेठनी अर्ज, चौकशी, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लागणारं सुरक्षा प्रशिक्षण आणि शस्त्र नीट ठेवण्याचं हमीपत्र, असं सगळं रीतसर केलं होतं. हातात परवाना होता .३२ पिस्तूल किंवा रिव्हॉल्वरचा.

शेठचे चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत. त्यांनी यूट्यूबवर अभ्यास करून नऊ मिलिमीटरच्या परदेशी पिस्तुलांची यादीच काढून ठेवली होती. ती मी घडी घालून त्यांच्या खिशात परत ठेवली. नऊ मिलिमीटर पॅराबेलम हा आपल्याकडे निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, सामान्य नागरिकाला तो मिळत नाही. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळपास बंद आहे. त्यामुळे सर्वसामान्य परवानाधारकापुढे दोनच वाटा उरतात. एक म्हणजे देशी बनावटीचं नवं .३२, आणि दुसरी म्हणजे आयात बंद होण्याआधी देशात आलेलं, चार हातांतून फिरलेलं जुनं परदेशी .३२. गंमत अशी की दुसरं पहिल्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. माल वाढत नाही आणि गिऱ्हाईक वाढतंय. सराफाला हे समजावून सांगायची गरज पडली नाही.

.३२ बद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण परवान्यावर फक्त ".३२" वाचून माणसं घोळ घालतात. पिस्तुलाचं .३२ आणि रिव्हॉल्वरचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत, ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पिस्तुलाचं काडतूस अमेरिकी शस्त्र-रचनाकार जॉन ब्राउनिंगचं, १८९९ सालचं, बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी केलेलं. त्याच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. ही कड पुढे या प्रकरणात त्रास देणार आहे.

खरं सांगायचं तर माझा पहिला सल्ला रिव्हॉल्वरचा होता. सिलिंडर बाजूला काढला की सहा घरं डोळ्यांना दिसतात, वाद संपला. पण शेठच्या उजव्या तर्जनीचं जुनं दुखणं आहे. डबल ॲक्शन रिव्हॉल्वरचा (चापाच्या एकाच ओढीने घोडा, म्हणजे मागून आपटणारी हातोडी, चढतोही आणि पडतोही) जड चाप दुकानात त्यांना सरळ ओढता येईना, ओढताना नळी डावीकडे झुकायची. म्हणून रिव्हॉल्वर बाद.

राहिली दोन पिस्तुलं. पहिलं जुनं, युरोपातल्या एका नावाजलेल्या कंपनीचं, एका दिवंगत परवानाधारकाच्या घरच्यांनी दुकानात विक्रीला ठेवलेलं. त्याला बाहेर दिसणारा घोडा होता. पहिली गोळी डबल ॲक्शनने, पुढच्या सिंगलने, म्हणजे घोडा आधीच चढलेला असतो. स्लाइडवर (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) एक खटका, जो खाली केला की सेफ्टीही लागते आणि चढलेला घोडाही खाली येतो. चेंबरमध्ये (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ते घर) काडतूस असेल तर मागे बोटाला लागणारी बारीक पिन. या सगळ्यांची बेरीज करून दुकानदाराने 'चार सेफ्ट्या' सांगितल्या होत्या. दुसरं देशी, नवंकोरं, सिंगल ॲक्शन, अंगठ्याची एकच सेफ्टी. दिसायला पहिल्यापुढे अगदीच ओबडधोबड. शेठचा जीव पहिल्यावर जडला होता.

आधी माणसाचा दिवस

दुकानात जायच्या आधी मी शेठना त्यांचा दिवस विचारला. सकाळी साडेदहाला सहकारनगरच्या घरातून निघायचं, रात्री साडेआठला परत. दुकानात तिजोरी, घरात जमिनीला पक्कं केलेलं लोखंडी कपाट. घरी वहिनी, चिरंजीव आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत येणारी चार वर्षांची नात. वहिनींच्या नावावर परवाना नाही, म्हणजे त्यांनी ते हातात घ्यायचा प्रश्नच नाही.

यातून मला जे दिसलं ते असं. या माणसाला पिस्तूल झाडायची वेळ बहुतेक जन्मात येणार नाही. पण ते कपाटातून काढणं, कमरेला लावणं, दुकानात तिजोरीत ठेवणं, पुन्हा काढणं आणि घरी आणून रिकामं करणं हे रोज होणार. वर्षाला तीनशे दिवस धरले तर भरायचे-रिकामे करायचे सहाशे प्रसंग. अपघात इथे होतात. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी घुसली ती मुंबईत, राहत्या घरात. समोर कुणी दरोडेखोर नव्हता.

म्हणून मी दुकानात दोन्ही पिस्तुलांना एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: तुला रिकामं करताना सेफ्टी लावलेली राहते का?

बहुतेकांना हा प्रश्न सुचत नाही. जुन्या ब्राउनिंग धर्तीच्या कितीतरी पिस्तुलांत अंगठ्याची सेफ्टी वर केली की ती चापाचा दुवा अडवते आणि सोबत स्लाइडही जखडून ठेवते. चालताना हे चांगलं, स्लाइड चुकून मागे जात नाही. पण चेंबरमधलं काडतूस बाहेर काढायचं तर स्लाइड ओढायलाच हवी, आणि स्लाइड ओढायची तर सेफ्टी काढावी लागते. म्हणजे रोज रात्री, दमलेला माणूस भरलेल्या पिस्तुलाची सेफ्टी काढून त्याच्याशी झटापट करणार. स्लाइडवर खटका असलेल्या धर्तीत तसं नसतं. १९२९ च्या वॉल्थर पीपी या जर्मन पिस्तुलाने ही रचना लोकप्रिय केली. सेफ्टी लावलेली ठेवून स्लाइड ओढता येते, काडतूस बाहेर पडतं, फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटून ते उडवणारी सुई) तेवढा वेळ अडवलेली असते.

या कसोटीवर पहिलं पिस्तूल सरळ जिंकलं. दुसऱ्याची सेफ्टी स्लाइड जखडणारी होती. शेठ माझ्याकडे बघून हसले, "मी काय म्हणत होतो?"

ब्रशचा दांडा

खटक्याची ही रचना एका क्रमावर उभी असते. खटका फिरला की आधी फायरिंग पिन अडवली गेली पाहिजे, आणि मग घोडा सुटून अडसरावर आपटला पाहिजे. क्रम केसाएवढा जरी सरकला तरी घोडा पिनला धक्का देतो. नव्या पिस्तुलात क्रम चुकत नाही. पन्नास-साठ वर्षं वापरलेल्या, मध्ये कुणीतरी कानस लावलेल्या पिस्तुलात तो चुकू शकतो, आणि वरून काहीही कळत नाही. खटका तसाच 'टक्' करतो.

तपासायची रीत सोपी आहे. मोठ्या बोअरच्या पिस्तुलात लोक रबरवाली पेन्सिल वापरतात. .३२ च्या नळीत षटकोनी पेन्सिल अडकते, म्हणून मी चित्रांच्या ब्रशचा कापलेला लाकडी दांडा जवळ ठेवतो. मॅगझिन (काडतुसांची डबी) बाहेर. स्लाइड मागे. चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं, मग करंगळी घालून बघायचं, मग शेजारच्याला बघायला लावायचं. दुकानातली सगळी काडतुसं काउंटरवरून उचलून आत ठेवायला लावायची. त्यानंतर घोडा चढवायचा, नळी आढ्याकडे करायची, दांडा आत सोडायचा आणि खटका फिरवायचा. पिन पुढे आली तर दांडा उडी मारतो.

पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही नाही. शेठचा चेहरा खुलत चालला होता. पाचव्यांदा दांडा नळीतून बोटभर वर उडाला.

मी आणखी पंधरा वेळा केलं. दोनदा उडाला. चिरंजीव म्हणाले, "काका, वीसात तीन." दुकानदार म्हणाला, हलकीशी उडी आहे, काडतुसाची टोपी (बुडातला ठिणगी देणारा भाग) एवढ्याने फुटत नाही. असेलही. पण ज्या खटक्यावर भरवसा ठेवून माणूस भरलेल्या चेंबरवर घोडा पाडणार आहे, तो खटका वीसात तीनदा पिनला हात लावतो. ती उडी आज हलकी आहे, पुढच्या वर्षी काय असेल? आणि बदलायला सुटा भाग आणायचा कुठून, आयातच बंद. चांगल्या कारागिराला घडवता येईल, पण तो भाग कुठल्या पोलादाचा, त्याला पाणी किती दिलं, याची हमी कोण देणार?

विकणाऱ्या कुटुंबाच्या कानावर घालायला मी दुकानदाराला सांगितलं. पुढे ते पिस्तूल कुणी घेतलं मला ठाऊक नाही. कधीकधी आठवतं.

इथे एक न्यायाची गोष्ट नोंदवतो. ही खोड त्या रचनेची नव्हती, त्या एका नगाची होती. तसंच नवं म्हणजे निर्दोष असंही नाही. अमेरिकेत सिग सावर कंपनीने २०१७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पी-३२० या अगदी आधुनिक पिस्तुलात ऐच्छिक सुधारणा जाहीर केली, कारण ठरावीक कोनात पडलं तर ते सुटू शकतं असं दिसून आलं होतं. कागदावर त्यातही सेफ्ट्या होत्या.

दुसरं, म्हणजे उरलेलं

आता देशी पिस्तूल. त्याची सेफ्टी फक्त चापाचा दुवा अडवत होती. फायरिंग पिनला स्वतंत्र अडसर नव्हता. म्हणजे चेंबर भरलेलं असताना ते नळीवर जोरात आपटलं, तर जडत्वाने पिन पुढे जाणारच नाही असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नव्हतं. पिनची स्प्रिंग ताजी होती, तरीही.

दुकानात झाडून बघायची सोय नव्हती. मग जे बघता येतं ते बघितलं. काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा नखासारखा दात, चेंबरकडे जाणाऱ्या उताराची घासाई, मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतुसं धरून ठेवणाऱ्या वरच्या दुमडलेल्या पट्ट्या. डमी राउंड (दारू नसलेली खोटी काडतुसं) भरून दोन्ही मॅगझिनं हाताने सात-सात वेळा रिकामी केली. एका मॅगझिनचा डावा ओठ मला किंचित आत वाटला. डोळ्याला वाटलं एवढंच, डमी राउंड मात्र सुरळीत निघाले. स्लाइड शेठच्या हाताला ओढता येत होती का, हेही बघितलं. या पिस्तुलांत स्लाइडला कुलूप नसतं, तिचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच दाब पेलला जातो. म्हणून काडतूस लहान असूनही स्प्रिंग कडक असते. पहिले दोन दिवस शेठचा अंगठा सोलवटला, मग चार बोटांनी वरून पकडायची रीत जमली.

शेठनी ते घेतलं. मनापासून नाही, उरलं म्हणून.

परवान्यावर नोंद झाल्यावर रीतसर रेंजवर गेलो. काडतुसांना परवान्यावर कोटा असतो, परदेशी व्हिडिओंत दाखवतात तसे पाचशे राउंड उडवून भरवसा तपासायची चैन इथे नाही. आम्ही पन्नास ठरवले. तेव्हा चिरंजीवांनी एक हिशेब मांडला, जो मला फौजेत कुणी सांगितला नव्हता. पन्नासच्या पन्नास राउंड विनाअडथळा सुटले तरी संख्याशास्त्र खात्रीने एवढंच म्हणतं की बिघाड बहुधा शंभरात सहापेक्षा जास्त नसावा. सहा! पन्नास राउंड म्हणजे आम्हा जुन्या लोकांना भरपूर वाटायचे. थोडक्या राउंडांनी भरवसा सिद्ध होत नाही, पण दोष मात्र पकडता येतो. म्हणून प्रत्येक अडथळा कुठल्या मॅगझिनमध्ये, कितव्या राउंडला, हे लिहायचं ठरलं. मॅगझिनं ओळखायला वहिनींचं लाल नेलपॉलिश, एकावर एक ठिपका, दुसऱ्यावर दोन.

तीन अडथळे आले. त्यातले दोन अडथळे दोन ठिपक्यांच्या मॅगझिनमध्ये, दोन्ही वेळा शेवटून दुसऱ्या राउंडला, काडतुसाचं नाक उताराला खाली अडलेलं. तोच डावा ओठ. दुकानदाराने कुरकुर न करता मॅगझिन बदलून दिलं.

तिसरा अडथळा एक ठिपक्याच्या, म्हणजे चांगल्या मॅगझिनमध्ये. स्लाइड अर्ध्यात अडकली, काडतूस हलेना. मॅगझिन काढून बघितलं तर वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन बसली होती. ही ती आधी सांगितलेली कड. असं अडकलेलं काडतूस थापट मारून सुटत नाही, मॅगझिन काढूनच सोडवावं लागतं. कारण शेठचं भरणं. गाडीत बसून, गप्पा मारत, घाईने दाबलेली काडतुसं. वरचं काडतूस नेहमी खालच्याच्या कडेपुढे सरकवून बसवायचं आणि भरल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर हलकेच आपटायची. पुढच्या आठवड्यात राहिलेले राउंड नव्या मॅगझिनसह उडवले, एकही अडला नाही. चिरंजीवांचा हिशेब लक्षात ठेवून मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग पिस्तुलाऐवजी दिवस बदलला

रिकामं करताना सेफ्टी काढावी लागते, आणि पडलं तर पिनची खात्री नाही. हे दोन दोष पिस्तुलात राहिलेच. ते दोन्ही एकाच वेळी निष्प्रभ होतात, जर चेंबरमध्ये काडतूसच नसेल तर. म्हणून शेठसाठी ठरलं ते असं: मॅगझिन आत, चेंबर रिकामं, नेहमी. घरी आल्यावर बाल्कनीच्या कोपऱ्यात वाळूने भरलेली रंगाची वीस लिटरची बादली, फौजेतल्या अनलोडिंग बेची (शस्त्र सुरक्षितपणे रिकामं करायच्या जागेची) गरीब बहीण. नळी वाळूकडे, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड ओढून डोळा आणि करंगळी. क्रम उलटा झाला, स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन नंतर काढलं, तर 'रिकामं' केलेल्या पिस्तुलात एक काडतूस स्वतःच्या हाताने चढवलेलं असतं. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं, हा समज जितक्या घरांत आहे तितक्या घरांत मला झोप लागणार नाही. पिस्तूल कपाटात, काडतुसं वेगळ्या खणात, किल्ली शेठच्या जानव्याला. चामड्याच्या म्यानात ठेवून द्यायचं नाही, पुण्याच्या जुलैत चामडं ओल धरतं आणि पोलादाला गंज देतं.

माझ्या बरोबरीचा एक निवृत्त आर्मरर यावर माझ्याशी भांडला. त्याचं म्हणणं, चेंबर रिकामं ठेवलेलं पिस्तूल म्हणजे कमरेला लावलेली वीट. प्रसंग आला तर दोन्ही हात मोकळे असतीलच असं नाही, स्लाइड ओढायला जो क्षण लागतो तोच मिळत नाही. त्याचं खरं आहे. मी ते शेठना जसंच्या तसं सांगितलं. पण गल्लीबोळांत सराफाच्या हातातली पिशवी मागून मोटरसायकलवर आलेले दोघं हिसकावतात, तिथे भरलेलं चेंबरही काय करणार? नेमबाजीचा सराव वर्षाला पन्नास राउंड, भरण्या-काढण्याचा वर्षाला सहाशे वेळा. ज्या माणसाचं गणित असं आहे त्याच्यासाठी मी वीट पसंत करतो. रोज सराव करणाऱ्या माणसाला कदाचित वेगळं सांगितलं असतं, आणि त्याच्यासाठी पिस्तूलही वेगळं शोधलं असतं: पिनला आपोआप अडसर असलेलं, चाप ओढेपर्यंत न हटणारा. कोल्ट या अमेरिकी कंपनीने तसा अडसर आपल्या जुन्या सरकारी धर्तीच्या पिस्तुलात १९८३ मध्ये बसवला, म्हणजे कल्पना काही कालची नाही.

शेठनी दोन गोष्टी मी न सांगताच केल्या. सोनं नेण्या-आणण्याची वेळ रोज बदलायला लागले. आणि भाच्याच्या लग्नात वरातीत 'एक बार होऊन जाऊ द्या' म्हणणाऱ्या मेव्हण्यांना, २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर दंड किंवा दोन्ही आहेत, हे चारचौघांत ऐकवलं. मेव्हणे अजून बोलत नाहीत म्हणतात.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शस्त्र जमा करण्याची नोटीस आली, तेव्हा शेठनी मला सोबत नेलं. ठाण्यात गर्दी होती. टेबलामागच्या हवालदारांनी रजिस्टरमध्ये क्रमांक लिहिता लिहिता मान वर न करता विचारलं, "रिकामं आहे ना?"

शेठनी नळी कोपऱ्यातल्या भिंतीकडे केली, मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं, स्लाइड ओढून धरली, आत बघितलं, करंगळी घातली. मग पिस्तूल तसंच उघडं पुढे केलं.

"माझ्या सांगण्यावर नका जाऊ, साहेब. तुम्ही बघा."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि बघितलं.